एका पानात

"पान एकच हवं," महापौर म्हणाले,
"तिकडे कुणी पान उलटत नाही."

तिकडे म्हणजे राजधानीत. एकशे चाळीस मैल,
हिवाळ्यात चार तास, मिठाने पांढऱ्या पडलेल्या रस्त्याने.
अकरा वर्षं ही यादी मीच टाइप करते.
मथळा तोच: विधिमंडळाकडून शहराच्या अपेक्षा.
अक्षर मात्र दरवर्षी थोडं बारीक.

पहिली अपेक्षा, रेल्वेवरचा पूल.
धान्याची मालगाडी फाटकात येऊन थांबते,
कधी वीस मिनिटं, कधी पन्नास.
रुळांच्या अलीकडे दवाखाना, पलीकडे म्हातारी माणसं.
अर्नुल्फ ट्वेटनची ॲम्ब्युलन्स
एकशे सात डब्यांमागे उभी होती.
डबे त्याच्या बायकोने मोजले.
मी लिहिलं: आपत्कालीन सेवेस विलंब.

दुसरी, शिशाचे जुने नळ.
कुठल्या घरांत आहेत ते आम्हाला ठाऊक आहे,
त्या घरांत पाळणे कुठे आहेत तेही.

तिसरी सांगताना मलाच हसू येतं.
पोहण्याचा तलाव फुटलाय, दुरुस्तीला अर्ध्या सेंटचा कर हवा;
कर आमचा, तलाव आमचा, पोरं आमची,
आणि मतदान घेऊ का, हे विचारायचं तिकडे.
उंटावरून शेळ्या हाकतात म्हणावं,
तर उंटसुद्धा आमच्याच पैशांचा.

चौथी, पाचवी, सहावी. पान भरलं.

मग मंगळवारच्या सभेत माय येंग शाँग उभी राहिली.
विलो कोर्टमधली, जिथे घरांना चाकं असतात.
हातात तीन नोटिसा, स्टेपल केलेल्या:
जागेचं भाडं, पुन्हा भाडं, पुन्हा भाडं.
जमीन कुठल्याशा कंपनीने घेतली;
कंपनीचं नाव तिला उच्चारता येईना, आम्हालाही आलं नाही.
"चाकं आहेत," ती म्हणाली, "पण हलवायला गेलं
तर घराच्या किमतीहून जास्त लागतात.
आणि हलवून न्यायचं कुठे?"
तीन मिनिटं संपली. लाल दिवा लागला.
ती दिव्याकडे बघून म्हणाली,
"तुम्हीच का नाही थांबवत?"

वकिलाने घसा खाकरला.
भाड्याला हात लावायचा अधिकार शहराला नाही.
तो राज्याने आधी द्यायला हवा.
तो द्या, एवढं आम्ही मागू शकतो.
ती खाली बसली. नोटिसांची घडी घालत राहिली,
जणू त्या लहान झाल्या तर रक्कमही होईल.

रात्री दहाला मी सातवी ओळ लिहिली.
ती दुसऱ्या पानावर गेली.
समास कमी केला. गेली.
"नम्र" काढलं, "कृपया" काढलं. तरी गेली.
पानाच्या माथ्यावर शहराचं बोधचिन्ह होतं,
तळं, पाइनचं झाड, मागे उगवता सूर्य,
दोन इंच उंच.
मी ते पुसलं.
माय येंगची ओळ खालून वर आली, आणि मावली.

फेब्रुवारीत आम्ही राजधानीत गेलो.
आमदारबाईंच्या साहाय्यकाने पान घेतलं,
मुलगा चांगला होता, तलावाबद्दल दोन प्रश्न विचारले,
सातवीपर्यंत त्याचा फोन वाजला.
कॉरिडॉरमध्ये आमच्यासारखी
आणखी तीस गावं पानं घेऊन उभी.

परतताना महापौरांनी पहिल्यांदा नीट पाहिलं.
"आपला सूर्य कुठे गेला, रग्ना?"
मी सांगितलं.
ते काही बोलले नाहीत. हीटरची झडप माझ्याकडे वळवली.

गावाच्या तोंडाशी फाटक पडलं.
गाडी हलत होती, तेवढं नशीब.
ते डबे मोजू लागले, ओठांतल्या ओठांत.
बासष्टला चुकले.
पुन्हा पहिल्यापासून मोजायला
पहिले डबे केव्हाच पुढे गेले होते.